अकराचं ऊन

रत्ना उन्हात बसली होती. एप्रिल महिना, सकाळचे पावणेबारा. सांगलीत त्या वेळी कुत्रीसुद्धा गाड्यांखाली सरकतात, आणि ही एकतीस वर्षांची बाई अंगणाच्या मधोमध लाकडी खुर्चीवर, डोक्यावर पदरसुद्धा न घेता, ओठ आवळून बसलेली. सीताफळाची सावली तिच्यापासून जेमतेम चार हातांवर होती.

"अगं, इथं काय करतेयस?" मी फाटकातूनच ओरडले.

"हळू बोल की," ती म्हणाली. "अक्का ऐकेल."

"ऐकू दे. ऊठ आधी."

रत्ना हसली. "उठता आलं असतं तर बसले असते होय? पाय गेलेत. अजून पंधरा मिनिटं आहेत. मग अक्का येईल, आत नेईल, आणि अंग गार झालं की पाय येतील परत. रोजचंच आहे आता."

रोजचंच! मी हातातली रक्ताच्या कुप्यांची बर्फाची पेटी तिथेच फरशीवर ठेवली. तेवढ्यात अक्का, म्हणजे तिची आई, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की मी रागवायचं विसरले.

"आलीस? बघ, तू सांगितलेलं ऐकलं हं मी," अक्का म्हणाल्या. "एक दिवस चुकवलेला नाही. अकरा ते बारा. पोरीला पोटभर ऊन देतीया."

मी सांगितलेलं! मी असलं काही सांगितलं नव्हतं. पण जे सांगितलं होतं, ते सांगायची मला बंदी होती.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. मी, शालन पाटोळे, तेव्हा एका दवाखान्याच्या संशोधनात नर्स होते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार कुणाला होतो आणि का, हे शोधायचं काम. या आजारात शरीराची राखण करणारी फौजच घरभेदी होते आणि नसांवरचं आवरण कुरतडते. वायरीवरचं रबर निघाल्यावर दिवा कधी लागतो, कधी लुकलुकतो, तसं माणसाचं होतं. कधी डोळ्यापुढे धुकं, कधी हातांना मुंग्या, कधी पायच जागेवर नाहीत. आपल्याकडे हा आजार कमी, म्हणून चार जिल्ह्यांत हिंडून आम्ही कसेबसे सत्तर रुग्ण गोळा केले होते. प्रत्येकाचा बारा पानी फॉर्म भरायचा, रुग्णाचं आणि आईवडिलांचं रक्त घ्यायचं. रक्तातून काय वारशाने आलं ते बघायचं आणि फॉर्ममधून काय बाहेरून आलं ते. शिवाय प्रत्येक रुग्णामागे एक जोडीदार शोधायचा. साधारण त्याच वयाचा, त्याच तालुक्यातला, नात्यातला नसलेला, पण धडधाकट. त्याचंही रक्त घ्यायचं, तोच फॉर्म भरायचा. दोन फॉर्म शेजारी ठेवले की फरक कुठे पडला ते कळेल, अशी सगळी कल्पना.

आमचे डॉक्टर नाडगौडा फार शिस्तीचे. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'प्रश्न विचारा. कारण सांगू नका.' आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी तर त्याच्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या.

रत्नप्रभा आरवाडेच्या घरी मी पहिल्यांदा मार्चमध्ये गेले. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. चार वर्षांपूर्वी फळ्यावर बेरीज लिहिताना एका डोळ्यापुढे धुकं आलं, तिथून सुरुवात. नंतर पाय. वर्षभर ती रजेवर होती. मुख्याध्यापिका मायाळू होत्या. जूनमध्ये शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत स्वतःच्या पायांनी आलात तर तळमजल्यावरचा वर्ग तुमचाच, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते अंतर रत्नाने कुणाकडून तरी मोजून घेतलं होतं. दोनशे चाळीस पावलं.

"मी गल्लीत रोज चालते," रत्ना मला म्हणाली होती. "काल एकशे नव्वद झाली. जूनपर्यंत दोनशे चाळीस म्हणजे काय, हातचा मळ."

मला ती पहिल्या तासातच आवडली. काही माणसं अशी असतात की त्यांच्याशी ओळख करून घ्यावी लागत नाही, ती आधीच असते. अक्का पन्हं करायला आत गेल्या तेव्हा मी माझीच कहाणी तिला सांगत बसले. आई लोकांच्या रानात तण भांगलायला जायची, मला बांधावर बाभळीखाली ठेवायची. आठव्या वर्षापासून माझ्याही हातात खुरपं आलं. सातवीत पहिली आले, त्या दिवशीसुद्धा दुपारी भुईमुगाच्या पातीत खुरपत होते. रत्ना हनुवटीला हात लावून ऐकत होती. खरं तर प्रश्न मी विचारायचे होते.

मग अक्का आल्या आणि फॉर्म सुरू झाला. लहानपणचं आईलाच जास्त आठवतं, म्हणून तेवढी पानं आईला विचारायची होती. अंगावर किती दिवस पाजलं? "तीन वर्सं," अक्का अभिमानाने म्हणाल्या. गोवर? आला होता. घरात कुणी विडी ओढायचं? "हिचे अण्णा. मरस्तवर." घशाला गाठी येऊन लांबलेला ताप? नाही. मग सव्विसावा प्रश्न. सहा ते पंधरा या वयात उन्हाळ्यात रोज सरासरी किती तास उन्हात जायचे?

"ऊन?" अक्का हसल्या. "माझ्या पोरीला उन्हाचा कवडसा लागू दिला नाही मी. शाळेला छत्री. सुट्टीत घरात. पोरी बाहेर जिबली खेळायला बोलवायच्या, मी दार लावून घ्यायची. आमच्या बापाच्या रानात मी राबले बघ लगीन होईस्तवर. कोळसा झालता नुसता. तिघं बघून गेले, तिघांनी काळी म्हणून नको सांगितलं. चौथ्यानं केलं, ते बी हुंडा वाढवून. तवाच ठरवलं, माझी लेक सावलीत वाढणार."

"आणि मग त्या गोऱ्या लेकीनं अकरा जणांना नको सांगितलं," रत्ना म्हणाली. "फिट्टंफाट."

आम्ही तिघी हसलो. हसता हसता मी 'एक तासापेक्षा कमी' या चौकटीत खूण केली आणि अक्कांनी सहज विचारलं, "पण उन्हाचं कशाला विचारतीस गं?"

मी वहीतल्या दोन रेघा विसरले. पोटात गार पन्हं गेलेलं, समोर जीव लावणारी माणसं, आणि आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात हे दाखवायची जित्याची खोड. मी म्हणाले, "थंड देशांत ऊन कमी ना अक्का, तिथं हा आजार जास्त दिसतो. म्हणून शंका आहे की लहानपणी ऊन कमी मिळालं तर..."

वाक्य मी पुरं केलं नाही. त्याची गरजच नव्हती. अक्कांच्या हातातला पेला तोंडाशी जाता जाता थांबला होता.

"अनेक कारणं असतात अक्का," मी घाईने म्हणाले. "वारसा असतो, विषाणू असतो, धूर असतो."

"असंल की," अक्का म्हणाल्या आणि पेला खाली ठेवला.

आठवड्याभराने खुर्ची अंगणात आली.

आता एप्रिलमध्ये मी अक्कांचं रक्त घ्यायला आले होते, आणि माझ्या शहाणपणाचं फळ अंगणात पाय गळून बसलेलं होतं. या आजाराला उष्णता मुळीच चालत नाही. अंग तापलं की नसा अडकतात. थंडावलं की सुटतात, पण दिवस गेलेला असतो. आम्ही दोघींनी तिला काखेत हात घालून आत आणलं. अक्का तिच्यासाठी ताक आणायला गेल्या तशी मी रत्नावर घसरले.

"किती पावलं होतात आता?"

"साठ. संध्याकाळी, बरं वाटलं तर."

"एकशे नव्वदवरून साठ! आणि तू गप्प बसलीस? अक्कांना सांगत का नाहीस, उन्हानं तुझे पाय जातात म्हणून?"

"सांगितलं. तिला वाटतं, ऊन आत शिरतंय म्हणून पाय गळतात. औषध लागू पडताना आधी त्रास व्हायचाच, असं तिचं शास्त्र आहे." रत्नाने पायाच्या बोटांकडे बघितलं. ती हलतायत का हे ती बघत होती. "शालन, तू गेलीस त्या दिवसापासून आठवडाभर तिनं धड भाकरी खाल्ली नाही. माझ्याकडं बघितलं की डोळ्यांत पाणी. खुर्ची बाहेर काढल्यापासून जेवायला लागली. मला उन्हात बसवून तिला बरं वाटतंय, तर बसते की मी. तिनं मला तीन वर्षं पाजलं, मी तिच्यासाठी तासभर बसू शकत नाही?"

"आणि जून?"

ताक घेऊन अक्का आल्या.

त्यांचं रक्त काढायला मी दंडाला पट्टा बांधला. अक्का सुईकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"यात कळंल का गं, माझी चूक?"

"यात चूक कळत नाही अक्का. अर्धं तुमच्याकडून येतं, अर्धं अण्णांकडून. काय द्यायचं ते कुणी निवडून देत नाही."

"रक्ताचं नाही निवडत," अक्का म्हणाल्या. "दार मी लावलंतं."

कुपी भरेपर्यंत मी खाली मान घालून होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी सरळ डॉक्टरांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. ते रागावले, पण पुढच्या रविवारी स्वतः माझ्याबरोबर आरवाड्यांकडे आले. अर्धा तास त्यांनी अक्कांना समजावलं. उन्हाचा नुसता संशय आहे, नक्की काही माहीत नाही. असलं तरी ते लहानपणीचं, आता भाजून काही भरून निघत नाही. उलट अपाय होतो. अक्का प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. त्यांनी डॉक्टरांना लाडू दिला, फाटकापर्यंत सोडायला आल्या. आणि सोमवारी अकराला खुर्ची अंगणातच होती.

"डॉक्टर काय म्हणाले?" मला त्यांनीच विचारलं. "नक्की माहीत नाही म्हणाले. नक्की माहीत नाही म्हंजे असंल बी. न्हाई कुठं म्हणाले?"

खरं बोलणाऱ्या माणसाची हीच अडचण असते. 'नाही' हा शब्द त्याला सहजासहजी म्हणता येत नाही, आणि आईला तेवढाच ऐकायचा असतो.

रत्नाला जोडीदारही मिळत नव्हता. शेजारची एक बाई तयार झाली होती, पण रक्त दिलं की आजार लागतो असं तिच्या सासूने ठरवलं आणि ती फिरली. मे उजाडला. रत्नाची पावलं चाळीसवर आली. एक दिवस मी कोरा फॉर्म घेऊन दहालाच त्यांच्या घरी गेले. अक्का खुर्ची पुसत होत्या.

"अक्का, माझं एक काम अडलंय," मी म्हणाले. "रत्नाला जोडीदार मिळेना. मी एकोणतीस वर्षांची, तालुका हाच. मीच होते जोडीदार. पण स्वतःचा फॉर्म स्वतः भरता येत नाही. तुम्ही विचाराल मला?"

"मी? चवथी शिकले मी."

"चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला समजेल असाच फॉर्म आहे, डॉक्टर रोज सांगतात."

दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा अक्कांनी डोळ्यांवर चढवला. खुर्ची ओट्यालाच टेकून राहिली. रत्ना पलंगावर उठून बसली. अक्का एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या, आणि दोनतीन प्रश्नांतच त्यांच्या आवाजात एक जरब आली. सरकारी माणसासारखी.

"जन्म कुठल्या महिन्यातला?"

"आईला आठवत नाही. मास्तरांनी एक जून लावलाय."

"आमच्या घरातल्या निम्म्यांचा एक जूनच," अक्का म्हणाल्या आणि लिहिलं. "अंगावर किती दिवस?"

"तीन वर्षं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "गोवर?"

"आला होता."

"विडी?"

"बाप ओढायचा. घरातच."

"घशाच्या गाठी?"

"नाही."

एवढं सगळं खरं होतं. अक्का पान उलटत होत्या, मधूनच रत्नाकडे बघत होत्या. दोघींची उत्तरं सारखीच पडत चालली होती हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. मग त्यांचं बोट सव्विसाव्या प्रश्नावर आलं आणि थांबलं. तो प्रश्न त्यांनी वाचला नाही. पाठ होता त्यांना.

"ऊन?" त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांपुढे माझी आई आली. डोक्याला फडकं, पाठीचं धनुष्य, पातीमागून पात. तिच्या मागे मी, मे महिन्याच्या रखरखीत दुपारी, घामाने डोळे चुरचुरतायत. 'चार तासांपेक्षा जास्त' ही चौकट जणू माझ्यासाठीच छापली होती.

"एक तासापेक्षा कमी," मी म्हणाले.

पलंगावर रत्नाची हालचाल थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"का गं?"

"आई बाहेर सोडायची नाही. काळी पडशील म्हणायची. दार लावून घ्यायची."

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग पडलीस कशी एवढी काळी?"

"या नोकरीनं. चार जिल्हे उन्हातान्हात हिंडतेय की."

अक्कांनी सावकाश चौकटीत खूण केली. उरलेले प्रश्न झाले. शेवटी त्यांनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला, "सही कर" म्हणाल्या, आणि वाऱ्याने कागद उडू नये म्हणून माझा डावा हात धरून त्यावर दाबला. सही झाली तरी त्यांनी तो सोडला नाही. अंगठ्याने माझं बोट चाचपत थोडा वेळ तशाच बसल्या. मला वाटलं, माया करतायत.

"म्हंजे तुझी आई बी माझ्यासारखीच."

"सगळ्या आया तुमच्यासारख्याच, अक्का."

"आणि तुला काही झालं नाही."

"मला काही झालं नाही."

अक्का उठल्या. ओट्याला टेकलेली खुर्ची त्यांनी फरफटत नेली आणि सीताफळाच्या सावलीत ठेवली. वाकून तिचा एक पाय फरशीच्या फटीतून सारखा केला.

"उद्यापासनं इथं बस गं," त्या लेकीला म्हणाल्या. "अकराला पन्हं देते."

रत्ना तोंडावर पदर घेऊन रडत होती. मी बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढलं. दहा महिन्यांत मी सव्वाशे फॉर्म भरले, त्यातला हा एकच खोटा. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे मी आईला खोडून टाकलं होतं. त्या बाईने आयुष्य उन्हात घालवलं, म्हणून मी शिकले. आणि मी तिला एका चौकटीत सावलीला बसवून आले होते.

डॉक्टरांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी फॉर्मवर तांबडी तिरकी रेघ ओढली, 'बाद' लिहिलं, आणि म्हणाले, "अभ्यासातून तू बाद. नोकरीतून नाही. जा, दुसरा जोडीदार शोध."

जूनमध्ये शाळा उघडली. रत्ना फाटकाशी रिक्षातून उतरली आणि चालायला लागली. अक्का तिच्या मागून मोठ्याने पावलं मोजत होत्या. दोनशे चाळिसाव्या पावलाला वर्ग यायला हवा होता, तो दोनशे त्रेपन्नला आला. कुणीतरी मोजताना चूक केली होती. मुख्याध्यापिका दारात रडत उभ्या होत्या, त्यामुळे रत्नाला रडायला जागाच उरली नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आमच्या सत्तर रुग्णांतून ठाम असं काही निघालं नाही, पण बाहेर जगात पुष्कळ शोध झाले. वारसा, विषाणू, धूर, आणि होय, ऊन. कमी ऊन हा अनेक धोक्यांपैकी एक असावा, असं आता बरेच जण म्हणतात. तसं काही वाचलं की मला तो सव्विसावा प्रश्न आठवायचा. मी अक्कांना फसवलं होतं, आणि तेही आता उघडंच पडत चाललं होतं.

परवा त्यांच्याकडे गेले होते. अक्का अठ्ठ्याहत्तरच्या झाल्यात. रत्ना शाळेत होती. ती हल्ली चाकाच्या खुर्चीतून गणित शिकवते आणि पोरं तिला टरकून असतात. अक्का सीताफळाखाली शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही बसले. शेवटी मला राहवलं नाही.

"अक्का, त्या फॉर्ममध्ये मी एक उत्तर खोटं दिलं होतं."

"उन्हाचं," अक्का म्हणाल्या. शेंगा फोडायच्या त्या थांबल्या नाहीत.

"तुम्हाला रत्नानं सांगितलं?"

"तिनं कशाला सांगायला पाहिजे?" त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला आणि पहिल्या बोटावरच्या जुन्या पांढऱ्या वणावर अंगठा ठेवला. मग स्वतःचं बोट शेजारी धरलं. तोच वण, त्याच जागी, तसाच तिरका. "खुरपं निसटलं की हितंच लागतंय. सावलीत वाढलेल्या पोरीला हे कुठनं येणार? सही करताना बघितलं मी."

"मग," मी म्हणाले, "तरी तुम्ही खुर्ची हलवलीत?"

अक्कांनी एक शेंग फोडली आणि दोन्ही दाणे माझ्या हातावर ठेवले.

"तू माझ्यासाठी तुझ्या आईचं सगळं ऊन पुसून टाकलंस, पोरी," त्या म्हणाल्या. "मग मला एक खुर्ची हलवायला काय झालं?"